शोधनिबंधाला गुण, लेखाला रकानाच नाही

संशोधन लोकांपर्यंत नेण्याची अपेक्षा संशोधकाकडून केली जाते, पण त्या कामाची नोंद कुठे होत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्षातले किमान 10 दिवस समाजासाठी द्यावेत, असे त्यांत सुचवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत मात्र विज्ञानातल्या शोधनिबंधाला 8 गुण आहेत आणि वृत्तपत्रातल्या लेखासाठी रकानाच नाही. हा रकाना तातडीने घातला पाहिजे.

त्याहून मोठा जाच परवानगीचा. अर्ज विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव असा फिरतो आणि सही होऊन येईपर्यंत बातमी शिळी होते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला आठवा नियम माध्यमांत लिहिण्या-बोलण्यास सरसकट मज्जाव करत नाही. मते स्वतःची आहेत, सरकारची नव्हेत, हे स्पष्ट करण्याची अट तेवढी घालतो. नियम उघडून पाहण्याऐवजी फाईल वर सरकवण्याची सवय कार्यालयांना जडली आहे, आणि तिची किंमत वाचक मोजतात.

परवानगीइतकाच प्रश्न लेख कसा लिहावा हाही आहे. जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले. छायाचित्रे लगेच सर्वत्र पोचली, तर्कांनाही ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष जुलैत लोकांपुढे आला: रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. प्रयोगशाळेत नमुना काही वेळ स्थिर ठेवला, तेव्हा जीवभार तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग पाण्याचा नाही, त्यातल्या जीवांचा आहे, हे एवढ्या एका निरीक्षणातून शाळकरी मुलालाही कळते. लेखाची सुरुवात अशाच निरीक्षणाने व्हावी. जनुकीय क्रमनिर्धारण आणि क्षारतेची कोष्टके मागाहून यावीत, किंवा येऊच नयेत.

नियतकालिकाने शोधनिबंधाच्या बातमीवर घातलेली प्रसिद्धीपूर्व बंदी पाळायलाच हवी. पण ती उठण्याचा दिवस आधी ठाऊक असतो, तेव्हा मजकूर तयार नसण्याला कारण उरत नाही. वेळ नसल्याची सबबही पुरे झाली. आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभारत असताना खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मराठी वाचकांसाठी लिहीत होते.

संस्थाप्रमुखांनी वैज्ञानिक लेखनाला एकदाच सर्वसाधारण मुभा देणारे परिपत्रक काढावे. आणि प्रत्येक संशोधकाने निबंध स्वीकारल्याचे पत्र हाती पडताच तीनशे शब्दांचे मराठी टिपण, एक स्वच्छ छायाचित्र आणि शंका विचारण्यासाठी स्वतःचा दूरध्वनी क्रमांक, एवढे जवळच्या वृत्तपत्राच्या संपादकासाठी तयार करून ठेवावे.