गोळी वेगळी, कंडोम वेगळा

२००७ मध्ये शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणावरून गदारोळ झाला आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक या राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला. म्हणजे इंदूर, पुणे, बडोदा, बेळगाव, सगळीकडची मराठी मुलं सारखीच कोरी राहिली. एरवी आपल्यात एवढी एकी कुठे दिसते!

आज घरातली पंधरा-सोळाची भाचरं फोनवर सगळं वाचतात. तरी एक समज पक्का: ‘गोळी घेतली की सेफ.’ गोळी, अगदी ‘दुसऱ्या दिवशीची’सुद्धा, गर्भधारणा टाळण्यासाठी असते, जंतूंना ती अडवत नाही. ते काम कंडोमचं. तोही दरवेळी, सुरुवातीपासून आणि पाकिटावरची मुदत बघून. लॅटेक्सच्या कंडोमला तेल किंवा व्हॅसलीन लागलं तर तो फाटू शकतो. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांपासून तो चांगलं संरक्षण देतो. हर्पिस आणि एचपीव्ही मात्र झाकल्या न गेलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, तिथे तो थोडा अपुरा पडतो.

दुसरा समज जास्त घातक: ‘त्रास होत नाही, म्हणजे काही नाही.’ क्लॅमिडियाची लक्षणं मुलींमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाहीत. उपचार राहिले तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते, पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर लॉगमध्ये एकही एरर नाही आणि आत डेटा खराब होतोय. तपासणीत सापडलं तर अँटिबायोटिक्सने बरं होतं, फक्त जोडीदारानेही औषध घ्यायला हवं. सिफिलिस, म्हणजे जुन्या लोकांची ‘गरमी’, तीही अशीच बरी होते.

एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे. ९ ते १४ या वयात, संबंध सुरू होण्याच्या आधी घेतली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मुख्य कारण हाच विषाणू. ‘लस दिली तर मुली बिघडतील’ म्हणणाऱ्या काकूंना मी विचारतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन कुणी गंजक्या खिळ्यांवर नाचतं का?

आईबाबांना विचारायचा धीर होत नसेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. पाटी छोटी असते, शोधावी लागते.