भौतिकोपचाराचे बदलते कसब

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा पोलिओने लुळे पडलेले पाय हे या व्यवसायापुढचे मोठे काम होते. एकेक स्नायू चाचपून त्याच्या शक्तीला शून्य ते पाच असे गुण देणे, कॅलिपर बांधून मुलाला चालविणे, यांत त्या पिढीचे कसब मुरले. देशातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला. आता दारात उभे आहेत ते पक्षाघाताचे, बदललेल्या गुडघ्यांचे आणि कंबरदुखीचे रुग्ण.

कंबरदुखीने तर जुने ज्ञानच उलटे केले. पूर्वी तिच्यावर सक्तीची विश्रांती हा उपाय होता. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरल्याने दुखणे लांबते, हालचाल चालू ठेवणेच हिताचे, हे १९९०च्या दशकापासून संशोधनाने दाखविले आहे. घाबरलेल्या माणसाला हे पटवून देणे, हे आजचे कसब. त्याला वेळ लागतो आणि नेमके वेळेचेच दुर्भिक्ष आहे. शिवाय, पैसे मोजलेल्या रुग्णाला (साहजिकच) शेक आणि विजेची यंत्रे म्हणजेच उपचार वाटतात!

या व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तो कागदावर राहायचा नसेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाला नव्या शिक्षणाची अट काटेकोरपणे लागू झाली पाहिजे. सरकारी रुग्णालयांनीही यंत्रखरेदीच्या निविदा काढण्यापूर्वी भौतिकोपचारकांची पदे भरावीत आणि प्रत्येक नव्या रुग्णासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा.