दोन टक्क्यांची आशा

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील सेंट मेरीज बॅसिलिकेत मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी एक आश्वासन दिले. शिवाजीनगर येथे होऊ घातलेल्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस केंद्र सरकारकडे करू, असे ते म्हणाले. काही दिवसांतच त्याचे पडसाद मुंबईत उमटले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा छत्रपती शिवाजी महाराजांचा अपमान असल्याचे सांगितले. मराठी मनाला हा विषय झोंबावा हे स्वाभाविकच होते. परंतु या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. ज्यांना खूश करण्यासाठी हे आश्वासन दिले गेले, त्या बंगळुरूच्या ख्रिस्ती मतदाराला निवडणुकीच्या राजकारणाकडून खरोखर काय हवे असते? आणि आजवरच्या अनुभवानंतर त्याने आशा तरी कशावर ठेवावी?

२०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ११ लाख ४३ हजार, म्हणजे १.८७ टक्के होती. त्यातही हा समाज एकजिनसी नाही. बंगळुरूच्या चर्चमध्ये कन्नड, तमिळ, कोंकणी, मल्याळम आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत उपासना होते आणि कोणत्या भाषेला किती स्थान मिळावे यावरून वादही झालेले आहेत. राजकीय पक्षांच्या हिशेबात जी 'ख्रिस्ती मतपेढी' असते, ती प्रत्यक्षात फार विस्कळीत आहे. काही मोजके मतदारसंघ सोडले तर तिच्यावर निकाल फिरत नाही. बहुमताच्या व्यवस्थेत ज्याचे मत जवळजवळ कधीच निर्णायक ठरत नाही, त्याने रांगेत उभे राहायचे ते कशासाठी, हा प्रश्न म्हणूनच वायफळ नाही. दिल्लीत किंवा बंगळुरूत आयुष्य काढणाऱ्या मराठी माणसालाही तो अनोळखी वाटू नये. परप्रांतातील मतदारयादीत त्याचेही गणित असेच असते.

या प्रश्नाचे एक उत्तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दिले गेले होते. १९४७ मध्ये संविधान सभेच्या सल्लागार समितीने अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा सुचवल्या होत्या आणि त्यांत भारतीय ख्रिस्ती समाजाचाही समावेश होता. मे १९४९ मध्ये ती तरतूद मागे घेण्यात आली. संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती. या माघारीत त्यांचा पुढाकार होता. मंगळूरचे जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा यांनीही तिला पाठिंबा दिला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना एका लहान समाजाने हाती येऊ पाहणारे कवच स्वखुशीने खाली ठेवले. संख्येने आपण कधीच जिंकणार नाही हे ठाऊक असूनही सर्वांसोबत एकाच मतदारयादीत उभे राहण्याचा तो निर्णय होता. त्याला भाबडेपणा म्हणता येईल. मात्र त्यामागे एक स्पष्ट हिशेब होता: आपले रक्षण आपल्या चार आमदारांनी करावे, यापेक्षा सर्वांच्या आमदारांनी करावे हे अधिक टिकाऊ.

अँग्लो-इंडियन समाजासाठी नामनिर्देशनाची वेगळी सोय तेवढी उरली होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून तीही संपली. कर्नाटक विधानसभेत २२४ निवडून आलेल्या सदस्यांसोबत बसणारा दोनशे पंचविसावा सदस्य २०२३ नंतरच्या सभागृहात नाही. म्हणजे आता ख्रिस्ती नागरिकाकडे मतपत्रिकेखेरीज दुसरा दरवाजाच राहिलेला नाही.

या दरवाजातून गेल्या काही वर्षांत काय आत आले, याची नोंद फारशी उत्साहवर्धक नाही. सप्टेंबर २००८ मध्ये मंगळूर आणि परिसरातील चर्चवर हल्ले झाले. न्यायमूर्ती सोमशेखर यांचा चौकशी आयोग नेमला गेला, २०११ मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला आणि ख्रिस्ती संघटनांचे त्याने समाधान झाले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. विधान परिषदेत पुरेसे संख्याबळ येईपर्यंत मे २०२२ मध्ये अध्यादेश काढण्यात आला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कायदा झाला. मे २०२३ मध्ये सत्ता पालटली. १५ जून २०२३ रोजी नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि अनेक ख्रिस्ती घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तथापि प्रशासनात मुरलेल्या वाचकाला सांगायला नको की मंत्रिमंडळाचा निर्णय आणि विधिमंडळाचा कायदा यांत बरेच अंतर असते. शिवाय एका निकालाने जे बदलते ते दुसऱ्या निकालाने पुन्हा बदलू शकते. सरकारनिहाय हलणाऱ्या सुरक्षिततेला आशा म्हणणे कठीण आहे. ती फार तर पाच वर्षांची उसंत.

ख्रिस्ती धर्मविचारात आशा हा शब्द अंदाजाच्या अर्थाने येत नाही. उद्या बरे दिवस येतील असा होरा बांधणे वेगळे आणि दिवस वाईट असतानाही योग्य ते करत राहणे वेगळे. या धर्माच्या केंद्रस्थानी एका सरकारी न्यायालयाने दिलेली देहदंडाची शिक्षा आहे, जमावाचा कौल आरोपीच्या विरोधात गेल्याची कथा आहे. बहुमत चुकू शकते, हे त्या श्रद्धेला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. योगायोग असा की २०१४ आणि २०१९ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत बंगळुरूचे मतदान पवित्र गुरुवारीच आले. २०१४ मध्ये १७ एप्रिल, २०१९ मध्ये १८ एप्रिल. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी चर्चमध्ये धर्मगुरू सामान्य भाविकांचे पाय धुतात. सकाळी ज्याने बोटाला शाई लावून घेतली, त्याने संध्याकाळी हा विधी पाहिला. सत्ता कशासाठी असते याचा इतका थेट धडा निवडणूक आयोगाने ठरवूनही घडवला नसता.

सत्तेचे हे रूप न दिसल्यामुळे एका तरुणाने याच शहरातील सेमिनरी सोडली होती. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस १९४६ मध्ये धर्मगुरू होण्यासाठी बंगळुरूच्या सेंट पीटर्स सेमिनरीत दाखल झाले. वरिष्ठांचे जेवणाचे मेज उंच आणि ताटातले अन्नही अधिक चांगले, हे पाहून आपला भ्रमनिरास झाला, असे ते पुढे सांगत. सेमिनरी सोडून ते मुंबईला गेले. त्यानंतरचा भाग मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही: मुंबईतील कामगार चळवळ, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांचा पराभव आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच लढवून जिंकलेली मुझफ्फरपूरची जागा.

आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांत बंगळुरूचा मध्यवर्ती तुरुंग देशाच्या राजकारणाचे एक केंद्र बनला होता. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी शहरात आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते येथेच पकडले गेले. मे १९७६ मध्ये जॉर्ज यांचे बंधू लॉरेन्स यांचा पोलीस कोठडीत छळ झाला. त्याच महिन्यात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. 'संस्कार' या गाजलेल्या कन्नड चित्रपटाने त्यांचे नाव सर्वदूर पोहोचवले होते. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या आणि समाजवादी चळवळीत रमलेल्या या बाईंना दम्याचा विकार होता. त्यांच्यावरील आरोप कधीही सिद्ध झाले नाहीत. आठ महिन्यांनी, १५ जानेवारी १९७७ रोजी, प्रकृती पार ढासळल्यावर त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी निवडणुकांची घोषणा केली आणि २० जानेवारीला स्नेहलता गेल्या. ज्या मतदानासाठी एवढे सोसले, ते त्यांना करता आले नाही.

त्या निवडणुकीचा निकाल साऱ्या देशाला आठवतो, पण कर्नाटकाचा निकाल सहसा आठवला जात नाही. ज्या राज्याच्या तुरुंगात हे सारे घडले, त्या राज्याने मार्च १९७७ मध्ये २८ पैकी २६ जागा काँग्रेसलाच दिल्या. जनता पक्षाला मिळालेल्या दोन जागांपैकी एक दक्षिण बंगळुरूची होती. तेथून न्यायमूर्ती के. एस. हेगडे निवडून आले. सरन्यायाधीशपदाच्या नेमणुकीत ज्येष्ठता डावलली गेल्यामुळे १९७३ मध्ये ज्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा दिला होता, तेच हे हेगडे. पुढच्याच वर्षी चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीने इंदिरा गांधींना पुन्हा लोकसभेत पाठवले. आशेचे माप स्वतःच्या राज्यातील जागांनी घ्यायचे ठरवले असते, तर बंगळुरूच्या कैद्यांच्या वाट्याला निव्वळ निराशा आली असती. मतदान झाले, मोजणी झाली आणि हरलेल्यांनी खुर्ची सोडली, हेच त्यांच्या दृष्टीने मोल होते.

जॉर्ज फर्नांडिस यांच्याच पुढील वाटचालीने या कहाणीची दुसरी बाजूही दाखवली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले. केंद्राने पाठवलेल्या मंत्र्यांच्या पथकात संरक्षणमंत्री जॉर्ज होते. या हत्येमागे सरकार पाडू पाहणाऱ्या शक्तींचा आंतरराष्ट्रीय कट असल्याचा निष्कर्ष त्या पथकाने काढला. २००२ मध्ये गुजरातच्या हिंसाचारावर लोकसभेत त्यांनी केलेल्या भाषणाने त्यांचे अनेक जुने सहकारी दुखावले. आघाडी सरकारच्या अडचणी, सत्तेची अपरिहार्यता अशी कारणे देता येतात आणि ती सगळीच खोटी नाहीत. परंतु 'आपला माणूस' मंत्रिमंडळात असला की आपण सुरक्षित, हा लहान समाजांचा लाडका समज तेव्हा उघडा पडला. मंत्री झाल्यावर तो माणूस आधी मंत्री असतो.

याच बंगळुरूत या प्रश्नाचा अधिक शांतपणे विचार झाला होता. पी. डी. देवनंदन आणि एम. एम. थॉमस यांनी १९५७ मध्ये येथे उभ्या केलेल्या धर्म आणि समाज यांच्या अभ्याससंस्थेने ख्रिस्ती माणसाचे राष्ट्रउभारणीतील स्थान हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. मार थोमा चर्चचे थॉमस धर्मगुरू नव्हते, सामान्य श्रावक होते. त्यांच्या विचाराचा गाभा असा की ख्रिस्ती समाजाने केवळ स्वतःच्या हक्कांची राखण करत बसू नये, सर्वांच्या माणूसपणासाठी चाललेल्या झगड्यात उतरावे. अनेक चर्चनेते आणीबाणीत गप्प होते किंवा सरकारची तळी उचलत होते, तेव्हा थॉमस यांनी तिच्याविरुद्ध लिहिले. आपल्या संस्थांना झळ लागू नये हा चर्चच्या मौनामागचा हिशेब होता. थॉमस यांना तो हिशेबच मान्य नव्हता. १९९० मध्ये ते नागालँडचे राज्यपाल झाले आणि १९९२ मध्ये विधानसभा विसर्जित करण्याच्या प्रश्नावरून केंद्राशी मतभेद होऊन त्यांना पद सोडावे लागले. त्यांनी आपल्या भूमिकेची किंमत मोजली, पण ती बदलली नाही.

आजच्या बंगळुरूला लागू करायचे तर हा विचार फार व्यावहारिक ठरतो. शहराच्या महापालिकेची शेवटची निवडणूक २०१५ मध्ये झाली आणि नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. नंतरची पाच वर्षे तरी कारभार प्रशासकांच्याच हाती राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू प्राधिकरणाखाली शहराच्या पाच महापालिका करण्यात आल्या. दफनभूमीची जागा, प्रार्थनागृहाची परवानगी, पाणी, गटार, कचरा हे ख्रिस्ती कुटुंबाच्या नित्याच्या काळजीचे विषय नगरसेवकाच्या पातळीवरचे आहेत. ते शेजारच्या मुस्लिम, दलित, तमिळ आणि मराठी कुटुंबांच्याही काळजीचे आहेत. स्थानकाच्या नावावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या चतुर्थांश तरी शहराला इतकी वर्षे नगरसेवक का नव्हते यावर व्हायला हवी होती. नावाची पाटी देण्यास सरकारला काही पडत नाही, म्हणूनच ती चटकन देऊ केली जाते. शिवाय तिच्यामुळे दोन समाज एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, हा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

२६ एप्रिल २०२४ रोजी बंगळुरू शहरातील तिन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान कसेबसे ५३ ते ५४ टक्क्यांच्या घरात राहिले. ज्यांच्या हाती बहुमत आहे, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक घरी बसले. ज्यांच्या हाती ते कधीच येणार नाही, अशा मतदाराने तरीही केंद्रावर जायचे आणि उमेदवाराला केवळ आपल्या समाजाविषयी न विचारता सगळ्या वॉर्डाविषयी विचारायचे, १९४९ मध्ये कवच खाली ठेवणाऱ्यांना अभिप्रेत असलेले नागरिकत्व ते हेच. त्याचा निकालावर परिणाम होईलच असे नाही. स्नेहलता रेड्डी यांनी निकाल पाहिला नाही आणि त्यांच्या राज्याने तर उलटाच कौल दिला. तरीही पुढची निवडणूक वेळेवर होणार हे आज गृहीत धरता येते, त्यात त्यांच्या आठ महिन्यांच्या तुरुंगवासाचा वाटा आहे.