चार प्रोसेसर, राबणारा एकटाच

जुन्या कॉम्प्युटरच्या प्रेमात पडलेल्या मंडळींचं एक लाडकं रडगाणं आहे. 'डेस्टारचा जेनेसिस एमपी काळाच्या पुढे होता हो, लोकांना कळलाच नाही!'

साफ चूक. लोकांना तो नीट कळला होता.

डेस्टार ही जुन्या मॅकसाठी वेगवान प्रोसेसरची कार्डं विकून नाव कमावलेली अमेरिकन कंपनी. १९९५ साली तिने मॅकचा क्लोन काढला, त्यात पॉवरपीसी ६०४ जातीचे चक्क चार प्रोसेसर बसायचे. हार्डवेअरला नावं ठेवायला जागाच नाही. पण त्यावर चालणार काय? तर तेव्हाची मॅक ओएस! ती स्वतः एकाच प्रोसेसरवर चालायची. उरलेल्या तिघांना काम द्यायचं तर प्रोग्रॅम मुद्दाम तसा लिहायला हवा, आणि तरी त्या तिघांना खिडक्या काढणं वगैरे ओएसच्या कामांना हात लावायची बंदी. फोटोशॉपचे काही फिल्टर सुसाट पळायचे, कारण कुणीतरी डोकं खपवून ते काम चौघांत वाटलं होतं. बाकी वेळ एक राबतोय आणि तिघं बघतायत. (आपल्याकडे रस्ता खणताना असतं, अगदी तस्सं.) सगळ्या प्रोसेसरना धड कामाला लावणारी मॅक ओएस एक्स यायला २००१ उजाडलं.

पीसीवाल्यांनी हसू नये. १९९९ साली अबिटच्या बीपी६ बोर्डावर दोन स्वस्त सेलेरॉन बसायचे. विंडोज एनटी किंवा लिनक्स टाका, दोघंही कामाला. विंडोज ९८ टाकलीत की दुसरा सेलेरॉन निव्वळ शोभेचा. बोर्ड तोच, पैसे तेवढेच!

आता तुम्ही म्हणाल, हे आज कशाला उकरतोस? कारण आमच्याकडे रात्रीचा जॉब रेंगाळला की आजही पहिला उपाय तोच: कोअर वाढवा. अरे, १०० मिनिटांच्या कामातली ४० मिनिटं एकापाठोपाठ एकच करायची असतील, तर दोन प्रोसेसरवर ७० लागतील, चारवर ५५. शंभर लावा, ४०च्या खाली काही येत नाही. जीन अ‍ॅमडालने हे १९६७ मध्येच सांगून ठेवलंय. आणि आमचा जॉब तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच थ्रेडवर चालतो!

मीटिंगमध्ये मी हे बोललो. 'कोड बदलायला वेळ नाही' असं उत्तर मिळालं. मशीनला दुप्पट कोअर मात्र आठवड्यात मंजूर झाले.

जॉब अजूनही सकाळी साडेसहालाच संपतो. फोन मला येतो.