जुने नाव, नवे नाव

दिवाळी अंक ही चीज मराठीला दिली ती 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी, १९०९ साली. हे मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याचं वेड लागलं आणि गृहस्थांनी आडनावच बदलून टाकलं. पुढे चिंतामणी त्र्यंबक खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू झाले, माणिक गोडघाटे ग्रेस झाले. दोन पुरुषांनी बाईचं नाव घेतलं आणि मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतलं. पुरावा कोणी मागितला नाही.

हे आठवायचं कारण, यंदाच्या अंकाच्या मानधनाचे कागद. आमच्या एका लेखिकेने 'अंकात छापायचे नाव' आणि 'बँक खात्यावरील नाव' या दोन रकान्यांत दोन वेगळी नावं भरली होती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चेक जुन्या नावानेच काढावा लागेल. पाकिटावर मात्र ते नाव घालू नका, पोस्टमन खालूनच हाक मारतो.' लेखिका पारलिंगी आहे. तिच्या चाळीला ती नव्या नावानेच माहीत आहे.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचा भाग दोन कधी तरी चाळून पाहा. जुनं नाव, नवं नाव, पानंच्या पानं. लग्नानंतर बदललेली, घटस्फोटानंतर परत घेतलेली, दाखल्यावर गुरुजींनी चुकवलेली, अंकशास्त्रवाल्याच्या सल्ल्याने स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवलेली. अर्ज, फी, फोटो, ओळखीचा पुरावा, की झालं काम. आपल्या आयाबहिणींपैकी कितीजणी या रांगेतून गेल्या, आणि माहेरचं नाव टाकताना त्यांना काय वाटलं हेही कोणी विचारलं नाही, तो भाग वेगळा.

पारलिंगी माणसाला मात्र नावासोबत लिंगाचा रकानाही बदलायचा असतो, आणि तिथे गाडी अडते. १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की आपण कोण हे ज्याने त्याने ठरवावं. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे. त्या लढ्यात आपल्या पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंतही होत्या. पण पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय करतानाच, 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला. न्यायालयाने बेकायदा म्हटलेली अट पाच वर्षांत कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली. आम्हाला हे मान्य नाही.

याच कायद्यात आणखी एक गंमत आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर जन्मदाखल्यावर आणि इतर कागदांवर बदलता येतं ते फक्त पहिलं नाव. आपल्याकडे पहिल्या नावाला लागून बापाचं नाव येतं. ज्या बापाने घराबाहेर काढलं, त्याचंच नाव प्रत्येक फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहायचं! हिजडा समाजाने यावर आपला तोडगा कधीच काढला आहे: तिथे चेल्याच्या नावापुढे गुरूचं नाव लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची ग्रामपंचायत निवडणूक आठवत असेल. स्त्रियांसाठी राखीव जागेवरचा एका पारलिंगी उमेदवाराचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अर्जदार म्हणून उभं राहिलेलं नाव होतं अंजली गुरू संजना जान. जानेवारी २०२१मध्ये न्यायालयाने त्यांना स्त्री उमेदवार म्हणून लढू दिलं. गावाने त्यांना निवडून दिलं. बापाच्या नावावाचून गावाचं काही अडलं नाही.

कोर्टापर्यंत सगळेच जात नाहीत. बहुतेकांची लढाई खिडकीवरच्या कारकुनाशी असते. बँक म्हणते पॅन आणा, पॅनसाठी आधार दुरुस्त करा, नोकरीला दहावीची सनद दाखवा. आणि सनदेवर शाळेतलं नाव, शाळेतला फोटो. त्यासाठी शाळेत जावं, तर शाळा सोडल्यावर दाखल्यात फेरफार करत नाही, हे उत्तर तयार असतं. समोरचा माणूस दुष्ट असतो असंही नाही. त्याला नियम ठाऊक नसतो, आणि विचारायची लाज वाटते. तेवढ्यात मागच्या रांगेत खसखस पिकलेली असते.

खरं तर त्याच कायद्याखालच्या २०२०च्या नियमांनी या कामाला मुदत घालून दिली: ज्याने कागद दिला, त्या कार्यालयाने प्रमाणपत्रासह अर्ज आल्यापासून १५ दिवसांत नाव, लिंग, फोटो बदलून द्यावा.

आमच्या वाचकांत मुख्याध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, तहसील कचेरीत टेबल सांभाळणारे आहेत. असा अर्ज पुढे आला तर तो साहेबांकडे ढकलू नका. आणि काम होईपर्यंत निदान हाक तरी नव्या नावाने मारा. त्याला राजपत्र लागत नाही.