विश्लेषण : एला फिट्झजेराल्ड यांच्या ‘साँगबुक’मध्ये गायिकेपेक्षा गाणे मोठे का?

गाण्याच्या अ‍ॅपवर गायकाचे नाव ठळक दिसते. गीतकार-संगीतकार कोण, हे मात्र शोधावे लागते. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड (१९१७-१९९६) यांची ‘साँगबुक’ मालिका म्हणूनच आज पुन्हा ऐकण्यासारखी आहे.

काय आहे ही मालिका?

एला यांचे व्यवस्थापक नॉर्मन ग्रांझ यांनी १९५६ मध्ये ‘व्हर्व्ह’ ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. त्याच वर्षी कोल पोर्टर यांच्या ३२ गाण्यांचा अल्बम आला. १९६४ पर्यंत असे आठ संच झाले. पोर्टर यांच्यानंतर रॉजर्स-हार्ट, ड्यूक एलिंग्टन, आयर्विंग बर्लिन, गर्शविन बंधू, हॅरॉल्ड आर्लेन, जेरोम कर्न आणि जॉनी मर्सर. एका संचात एकाच गीतकार-संगीतकाराची किंवा जोडीची गाणी आणि मुखपृष्ठावर त्यांचेही नाव. मर्सर प्रामुख्याने गीतकार. त्यांच्या संचाला जोडणारा धागा चालींचा नव्हे, शब्दांचा आहे.

वेगळे काय केले?

यातली अनेक गाणी ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आणि चित्रपटांतली. नाटके बंद पडली, गाणी उरली; पण जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे गाण्याआधीचा प्रास्ताविक भाग, म्हणजे ‘व्हर्स’, अनेकदा गाळला जाई. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि जागा वाढली. एला यांनी असे अनेक ‘व्हर्स’ पुन्हा गायले. ‘स्कॅट’ म्हणजे निरर्थक अक्षरांतून केलेली सुरांची करामत ही त्यांची ओळख. या मालिकेत मात्र, काही अपवाद वगळता, त्यांनी ती आवरली. शब्द स्पष्ट, चाल मूळची.

मग आक्षेप कोणता?

बिली हॉलिडे यांच्यासारखी वेदना एला यांच्या आवाजात नाही, गाणे फार नितळ होते, अशी टीका होत आली. ती अगदीच निराधार नाही. पण हॉलिडे गाण्याला आपल्या आयुष्याचा रंग देतात. एला ते गाणे कसे बांधले आहे, हे दाखवतात. पोर्टर यांच्या ओळीतला मिश्कीलपणा कळायला हा नितळपणाच उपयोगी पडतो. हा उणेपणा नाही, ती निवड आहे.

आज महत्त्व काय?

१९५९ च्या पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात बर्लिन आणि एलिंग्टन संचांसाठी एला यांना पुरस्कार मिळाले. पोर्टर संच २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेला. पण खरी कमाई वेगळीच आहे. नाटकाची म्हणून ओळखली जाणारी गाणी त्यांच्या कर्त्यांच्या नावाने एकत्र आली आणि एकेका कर्त्याचे काम सलग ऐकता येऊ लागले. अ‍ॅप गाणी सुटी करून ‘मूड’नुसार वाटते, तेव्हा हाच धागा तुटतो. म्हणून ही मालिका संचासंचानेच ऐकावी. सुरुवात पोर्टर यांच्यापासून.