नागोयाचा मनोरा आणि लिफ्टचा वाद

जपानातील नागोया किल्ल्याचा मुख्य मनोरा 1945 च्या हवाई हल्ल्यात भस्मसात झाला. 1959 साली तो काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यात लिफ्ट होती. पुढे भूकंपाच्या भयाने 2018 साली तो बंद झाला आणि युद्धापूर्वीच्या मोजमापांबरहुकूम त्या जागी लाकडी मनोरा उभारण्याचे घाटू लागले, तेव्हा मात्र त्यात लिफ्ट बसवावयाची नाही, असे महापालिकेने जाहीर केले. व्हीलचेअरवरील मनुष्यास जो मनोरा कालपर्यंत खुला होता, तो इतिहासाच्या नावाने त्यास बंद व्हावयाचा!

पूर्वपक्ष असा की, सतराव्या शतकातील वास्तूत यंत्र आले की तिचे अस्सलपण गेले. हिमेजी किल्ल्यापुरता हा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे. तेथील मनोरा खरोखरीच चारशे वर्षांचा आहे आणि त्याच्या तुळया कापाव्यात, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु जे जळून गेले त्याचे जतन संभवत नाही, ते नव्यानेच बांधावे लागते; आणि तसे बांधताना आगीपासून व भूकंपापासून बचावाची तरतूद करून, विजेच्या तारा खेळवूनही ज्या अस्सलपणास बाध येत नाही, ते एकट्या लिफ्टने कसे बाटते?

नारा येथील तोदाइ-जीचे आजचे महाबुद्धमंदिर 1709 सालचे. मूळच्या अकरा खणांऐवजी त्यास सातच खण आहेत, तरी त्यास नकली म्हणण्यास कोणी धजत नाही, आणि व्हीलचेअरसाठी उतार केल्याने तेथील बुद्धाचे गांभीर्य तसूभरही उणावलेले नाही. क्योतोच्या निजो किल्ल्यातील निनोमारू प्रासाद तर अस्सल जुना. पावलागणिक पाखरासारखी किलबिलणारी तेथील लाकडी जमीन जपावयाची म्हणून आपली खुर्ची दाराशी ठेवून किल्ल्याच्या खुर्चीत बसावयाचे, की चित्रांकित दालनांचा मार्ग मोकळा. वास्तूचा मान आणि माणसाचा मान, दोन्ही एका साध्या बंदोबस्ताने राखले जातात.

नागोयात लिफ्टऐवजी पाठीवर उचलून नेऊ, असेही कोणी सुचवितात. ही सूचना सद्भावनेची असेलही, परंतु स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या गतीने हिंडणाऱ्या प्रौढ माणसास परक्याच्या पाठीवर बसावयास लावणे ही मेहेरबानी झाली, आणि 2016 पासून अमलात असलेला जपानचा भेदभावविरोधी कायदा सरकारी दप्तरांकडून मेहेरबानी मागत नाही, वाजवी सोय मागतो. किल्ल्यांतले उभे जिने शत्रूची वाट अडविण्यासाठी होते. आज त्यांच्यापाशी अडणार तो त्याच शहराचा करदाता. नव्या मनोऱ्याच्या आराखड्यातच लिफ्टला जागा राखली, तर चारशे वर्षांपूर्वीची एकही तुळई कापावी लागत नाही.